तिसरी फुली

रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन इर्मा साबोल पडद्यासमोर बसे आणि यंत्रानं रात्रभर इंटरनेट वाचून काय काय शिकलं ते तपासे. बरोबर असेल तर खूण, चूक असेल तर फुली. पिट्सबर्गच्या त्या विद्यापीठात हे यंत्र चार वर्षं अखंड वाचत होतं. शिकलेलं ते आपण होऊन कधी सोडत नसे. फुली माणसानंच मारायची. एखाद्या नावावर तीन फुल्या पडल्या, की यंत्र ते नाव कायमचं टाकून देई.

सोमवारी त्यानं ठरवलं होतं, की बटाट्याची पिएरोगी, म्हणजे पोलिश लोकांची उकडलेली करंजी, हे एक वाद्य आहे.

"चर्चच्या जत्रेची पानं वाचलीत पठ्ठ्यानं," शेजारच्या टेबलावरचा वेंडल हसला. "तिथे अकॉर्डियन आणि पिएरोगी जोडीनंच असतात ना!"

त्याखालची ओळ होती: स्टीफन साबोल – राहतो – पोलिश हिल.

इर्माचे वडील जाऊन पाच आठवडे झाले होते.

"अगं, निधनाची बातमी वाचली असेल त्यानं," वेंडल हळूच म्हणाला. "होता काय, आहे काय, त्याला सगळं सारखंच."

ते खरं होतं. तिनं फुली मारली.

मंगळवारी: स्टीफन साबोल – खुर्ची – हिरवी.

बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, की तिथे स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवायची आणि ती दुसऱ्या कुणी हलवायची नाही, हा त्यांच्या गल्लीचा कायदा. वडिलांकडे गाडी नव्हतीच. ते जागा धरत ती लेकीसाठी. अंत्यविधीनंतर इर्मानंच ती खुर्ची तळघरात ठेवून कुलूप लावलं होतं. हे कोण कुठे लिहिणार? 'कुठे वाचलं' हा रकाना कधी रिकामा नसे. आज होता. तिनं दोनदा पाहिलं, मग फुली मारली.

बुधवारी सकाळपासून बर्फ पडत होता.

स्टीफन साबोल – वाट पाहतो – इर्मा.

वेंडल तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. या वेळी हसला नाही. "मार फुली. संपव एकदाचं."

"तिसरी आहे ही."

"म्हणूनच म्हणतोय, बाई."

तिनं माऊसवरचं बोट उचललं आणि कोट घेतला.

गल्लीत गाड्यांचे नुसते पांढरे उंचवटे होते. वडिलांच्या दारासमोर मात्र एका गाडीपुरता चौकोन लख्ख उपसलेला, कडा फावड्यानं सरळ कापलेल्या. मधोमध हिरवी खुर्ची.

तळघराची किल्ली इर्माच्या खिशात होती.

तिनं खुर्ची बाजूला ठेवली, गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं. फोन वाजला. वेंडल होता.

"इर्मा, ती नोंद तू पुसलीस?"

"नाही. का?"

"आत्ता गेली. आपली आपण."

तिनं काचेतून पाहिलं. बर्फ दाट पडत होता. खुर्चीच्या पाठीवर बोटभर साचला होता.

बसायच्या फळीवर कणही नव्हता.