एक खटका मागे

व्हर्लिन स्टकी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेला तो दोन बोल्ट आणायला, आणि परतला दुपार करून, कारण गप्पा. ओहायोत मका कापणीचे दिवस होते; रस्त्यावर, छपरांवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा भुसा बसला होता. त्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं, हीटर लावला आणि चाकांच्या फळीवर उताणा पडून गाडीखाली सरकला. निवृत्तीनंतर याहून सुखाची जागा त्याला ठाऊक नव्हती.

गाडी त्याची नव्हती, बायकोची, ओपलची होती. एकोणसत्तर सालची, बाटलीहिरवी, लांब नाकाची, दांडग्या इंजिनाची मसल कार. ओपलच्या भावाने, ग्लेनने, तरुणपणी घेतलेली आणि मरताना बहिणीला दिलेली. "चालवायची ओपलने, हात काळे करायचे दाजींनी," असं तो इस्पितळाच्या खाटेवरूनही पेपरमिंट चघळत बजावत होता. व्हर्लिनला दाजी म्हणून छळणारा जगात तो एकटाच.

पण गेल्या हिवाळ्यात ओपलला अर्धांगाचा झटका आला. चालणंबोलणं सावरलं, उजव्या हाताच्या अंगठ्यातलं बळ काही परत आलं नाही. जुन्या गिअरच्या दांड्याला अंगठ्याने दाबायचं बटण होतं. ते दबेना, मग गिअर कसला पडतोय! तेव्हापासून ती स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसत होती. "मी काय किराणा आहे का?" असं एकदा म्हणाली आणि रडायला लागली. व्हर्लिनला ते पाहवलं नाही. त्याने नवा दांडा मागवला. त्याला बटण नव्हतं. मुठीखालची पट्टी चार बोटांनी उचलली की काम झालं. आज संध्याकाळी चर्चमधल्या जेवणाला गाडी ओपलनेच न्यायची, पहिली चावीही तिनेच फिरवायची, असं ठरलं होतं.

दांडा बसला, त्याची केबल खाली गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या लोखंडी कानाला जोडून झाली. आता एकाने वर बसून दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने खालून बघायचं, की वर जे लिहिलंय तेच खाली पडतंय का. एकट्याने हे होत नाही. व्हर्लिनने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. "आले रे!" असं लांबून कुठून तरी आलं.

तो वाट बघत पडून राहिला. हीटर घरघरत होता. वारा शटरला ढुशा देत होता. दिव्याच्या पिवळ्या तुकड्यापलीकडे गाडीचं पोट काळंभोर, आणि त्या काळोखात तेलाचा, जुन्या रबराचा वास. मधूनच, कुठून कोण जाणे, पेपरमिंटचा.

वर गाडीचं दार वाजलं. सीट करकरली.

"बसलीस? पार्कमध्ये टाक."

खट्. "पार्क," वरून दबका आवाज आला.

"रिव्हर्स."

खट्. "रिव्हर्स..."

"घसा बसला का गं तुझा?"

दांडा मात्र सांगितल्याबरहुकूम पुढे सरकत गेला. प्रत्येक वेळी खाली गिअरबॉक्सचा कान टकटक हलत होता. व्हर्लिन खूश झाला, शीळ घालायला लागला.

"झालं आपलं काम! उतर."

"थांब..."

"आता काय?"

"परत बघ, दाजी... एक खटका मागे राहिलायस."

व्हर्लिन वैतागला. आता ही त्याला गिअरबॉक्स शिकवणार! पण बायकोशी वाद घालण्यापेक्षा बघणं सोपं. त्याने दांडा पार्कमध्ये टाकायला सांगितला, केबल सोडली आणि कान बोटाने ढकलून पाहिला. तो आणखी एक खटका पुढे गेला. म्हणजे मोजायला सुरुवातच चुकीच्या घरातून झाली होती. वर पार्क, आणि खाली रिव्हर्स!

ओपलने पार्क समजून चावी फिरवली असती, ब्रेकवरचा पाय उचलला असता, आणि गाडी तिला घेऊन मागच्या मागे सुटली असती, थेट रस्त्यावर. तिथून दिवसभर मक्याचे ट्रक धावत होते. त्याने केबल नव्याने बसवली, दांडा पुन्हा सगळ्या घरांतून फिरवून घेतला.

"आता?"

"आता बरोबर... दे तिला."

पाना हातात तसाच राहिला. दाजी... तिला... ओपल त्याला जन्मात कधी दाजी म्हणाली नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. पायरीवर ओपलच्या गुलाबी सपाता दिसल्या. "चिडू नकोस हं, ड्रायरमध्ये चादर अडकली होती. बसू का आता?"

त्याच्या तोंडाच्या अगदी वर सीट करकरली. सावकाश... जड माणूस उठताना करकरते तशी. दार काही वाजलं नाही.

"नको!" व्हर्लिन ओरडला. "थांब तिथेच!"

पण ओपल कुणाचं ऐकणारी थोडीच होती! तिने दार उघडून आत डोकावलं. "अगं बाई, सीट कशाला एवढी मागे सारलीस? माझे पाय पोचायचे नाहीत."

ग्लेन ताडमाड होता. व्हर्लिन गाडीखाली डोळे मिटून पडून राहिला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण बरंही वाटत होतं, आणि ते बरं वाटणं हळूहळू भीतीहून मोठं झालं. "कार्पेट बसवत होतो," तो म्हणाला. बाकीचं त्याने तिला सांगितलं नाही.

सूर्य कलता झाल्यावर दोघं निघाली. ओपलने ठेवणीतला कोट घातला होता, ओठ रंगवले होते. व्हर्लिन शेजारी बसला, मांडीवर ॲपल पायचं भांडं. चावी फिरली, इंजिन गुरगुरलं, खिडक्या थरथरल्या. ओपलने दांड्यावर मूठ ठेवली, चार बोटांनी पट्टी उचलली. गाडी अलगद मागे आली. मग ड्राइव्ह. ती लहान मुलीसारखी हसत होती, आणि व्हर्लिनला वाटलं, आणखी काय पाहिजे माणसाला!

दोन्ही बाजूंनी कापलेली शेतं मागे पडत होती. ओपलची मूठ अजून दांड्यावरच होती.

"हात काढ ना माझ्या हातावरून," ती समोर बघत लाडाने म्हणाली. "माझं मला जमतंय."

व्हर्लिनने दोन्ही हातांनी पायचं भांडं घट्ट धरलं होतं.