जा दवाखाना

घर >

स्क्रीनवर एवढंच. पुढे लुकलुकणारी रेघ.

दुपार कलत आली होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येई, आल्या पावली परत जाई, आणि हा आपला टेबलाला चिकटलेला. कॉलेजात शिकवायला तो एक छोटा शेल लिहीत होता. आपण कमांड टाइप करायची. शेलने ती वाचायची, काम करून घ्यायचं आणि पुन्हा समोर उभं राहायचं, बोला, पुढे काय? कमांड त्याने मराठीत ठेवल्या होत्या. गंमत म्हणून.

खरं तर आत्ता त्याने दुसऱ्या गावी असायला हवं होतं. वडील तिथे दवाखान्यात होते आणि संध्याकाळी ऑपरेशन. बापलेकांत कित्येक वर्षांचा अबोला. आता बाबांनी ताईकरवी निरोप धाडला होता: त्याला एक गोष्ट सांगायची आहे, मला आत नेण्याआधी ये म्हणावं. एवढं संपलं की निघतो, असं तो सकाळपासून म्हणत होता. तुझं 'एवढं' मला लग्नापासून ठाऊक आहे, असं म्हणून बायको कामावर निघून गेली होती.

शेल स्वतः फारसं काही करत नाही. तो स्वतःची हुबेहूब प्रत काढतो, काम तिच्या गळ्यात घालतो आणि वाट पाहत बसतो. काम झालं की प्रत नाहीशी.

आता राहिली होती एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायची कमांड. चाचणीपुरते दोन-चार फोल्डर केले होते, नावं सुचतील ती.

घर > जा दवाखाना
घर >

हलेना. रेघेआधी अजून 'घर'च.

घर > जा दवाखाना
घर >

फोन वाजला. ताई.

"अरे, किती वेळा आत-बाहेर करशील? बस की एका जागी."

मी घरीच आहे, तो म्हणाला. ती हसली. आत्ता तर बाबांच्या उशाशी होतास, म्हणाली. मी पाण्याला वळले तेवढ्यात उठून गेलास. आणि ती शर्टाची कॉलर सरळ कर आधी.

त्याने मानेमागे हात नेला. कॉलर उलटी होती.

फोन ठेवून त्याने कोड पुन्हा वरून वाचला. चूक नवशिक्याची होती. 'जा' हे कामही त्याने प्रतीवर सोपवलं होतं. प्रत जात होती, पोचत होती, तिथेच संपत होती. मूळ जागचं हलत नव्हतं.

हे एक काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

त्याने 'जा'च्या दोन ओळी उचलून प्रत काढण्याच्या ओळीवर नेल्या.

घर > जा दवाखाना
दवाखाना >

फिनेलचा वास.

जिना. पायांखाली ओली फरशी. खिशात बसचं तिकीट होतं. बस आठवत नव्हती.

बाबांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. ताई बाजूला सरली. तो वाकला.

"बाबा, आलो. काय सांगायचं होतं?"

बाबांनी डोळे उघडले. इतक्या मायेने त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"सांगितलं की सगळं. केवढा रडलास."

"पुन्हा सांगा."

चाकं हलली. तो बरोबर चालू लागला.

"नाही रे. तूच नाही का माझा हात धरून म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"घरी बसलाय ना, त्याला सांगू नका."