दुपारची सोबत

इथं परदेशात, फ्लॅट बुश या नव्या वस्तीतलं घर घेतलं तेव्हा चार बेडरूम बघून आम्ही हरखलो होतो. दिवसभर त्यात राहणार कोण, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. राहिल्या त्या सासूबाई. माझा नवरा अभिषेक सातला निघायचा, मी साडेसातला न्यू लिनच्या फार्मसीत, परतायला सहा. दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे, डेअरी, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, अर्ध्या तासावर, आणि हीटर आम्ही बंद करून जायचो.

२००७च्या जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत, त्यांचं जेवण सुटलं. झाकलेलं ताट संध्याकाळी तसंच असायचं. जुलैत मात्र ताट लख्ख दिसू लागलं.

"शेजारची नीलिमा येते ना दुपारी," त्या म्हणाल्या.

"शेजारी घर कुठंय, आई?"

"मी काय प्लॉट मोजायला जाते?"

मी हसले. पण त्यांचा खांदा आखडलेला. हात कानाच्या वर जात नाही. वेणी मी घालायची, रविवारी. त्या मंगळवारी त्यांची वेणी चार पेडांची होती. मला तीनच पेडांची येते.

अभिषेक म्हणाला, "डॉक्टरांना दाखव. भास म्हणाले तर बाळासाहेबकडे पाठवू." बाळासाहेब म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्याकडे सासूबाईंचं अंथरूण बंद बाल्कनीत.

"तिकडे नको गं," त्यांनी माझा हात धरला.

दवाखान्यात दुभाषी मीच. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी नसताना माणसं दिसतात का?

मी सासूबाईंना विचारलं, "जेवण जातं ना?"

"जातं की. दोघी बसतो जेवायला."

"नाही म्हणतायत," मी डॉक्टरांना सांगितलं. "शेजारीण येऊन बसते. फार जीव लावते."

"छान," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. सासूबाई राहणार होत्या. लग्नाच्या वीस वर्षांत मी पहिल्यांदाच इतकं सफाईदार खोटं बोलले होते.

गाडीशी आल्यावर सासूबाई मागचं दार उघडून बसल्या.

"पुढे या ना."

"पाहुण्याला मागे बसवतात का?"

मी गाडी सुरू केली. शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा लागला. टिंग, टिंग.

सीटवर माझी पर्ससुद्धा नव्हती.

मागून सासूबाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या.

मी हात लांबवून त्या सीटचा पट्टा ओढला. खटका बसेपर्यंत बराच सैल सोडावा लागला.