समासातला ठिपका

धाकटीचं लग्न परदेशातल्या मुलाशी झालं, त्या वर्षी मी इंग्रजी शिकायला बसलो. वय एकाहत्तर. मराठी अक्षरंच मुळी पंचेचाळिशीत गिरवलेली. पण जावयाला मराठी येत नाही, पत्र लिहायचं तर दुसरा इलाज नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई वही तपासत. त्यांची रीत एकच. चूक खोडायची नाही, सुधारायची नाही. त्या ओळीसमोर समासात लाल ठिपका द्यायचा. चूक आपली आपण शोधायची. माझे ठिपके बहुधा विसरलेल्या पूर्णविरामांचे.

घराबद्दल रोज दहा वाक्यं लिहायची. चौथं ठरलेलं : ‘माय ब्रदर लिव्ह्ज विथ अस.’ एक तारखेला, सोमवारी, त्यासमोर ठिपका आला. पहिलं अक्षर पाहिलं, पूर्णविराम पाहिला. चूक सापडेना.

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. “वाक्य बरोबर आहे. हा ठिपका माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“घरात विचारा.”

घरात बायको, तिला अक्षरांचं वावडं. आणि दादा, माझा थोरला भाऊ, बाहेरच्या खोलीत खाटेवर पाय हलवत बसलेला, ठणठणीत. त्याला सांगितलं तर हसत सुटला. “म्हणजे मी इथं राहतो हेच चूक? तुझ्या बायकोनंच टिंब दिलं असणार!”

“भाऊजी, चहा गार होतोय,” आतून आवाज आला.

नव्या पानावर तेच वाक्य लिहिलं. वही कपाटात, किल्ली खिशात. दुपारी उघडलं.

ठिपका. बोट लावलं तर ओला.

तसाच उठलो. दादाला डॉक्टरकडे नेलं. “तुझ्या वहीपायी मला सुई!” तो कुरकुरला. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

रोज ते वाक्य लिहून बघे. रोज ठिपका. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सवयीनं हात चालला. वाट पाहिली. समास कोरा. हसावं की रडावं, कळेना.

वही घेऊन जिना चढलो.

बाईंनी वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं. लाल पेन उचलून समासात टेकवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. उमटेना.

खालच्या ओळीसमोर लगेच उमटलं.

दादा नऊ नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी चार वाजता वारला. ते वाक्य मी दहा तारखेला लिहिलं; राहिलेला पूर्णविराम आदल्या दिवशीच पडला होता.