तीन नंबरला कोण?

भोंगवलीत जेवणं उरकून पोरं ओट्यावर बसली, तवा रखमाजी तात्यांनी ही गोष्ट सांगितली. ऐकीव न्हाई म्हणाले, माझ्या मावसबहिणीच्या घरात झालेलं हाय.

ही मावसबहीण नूतन, भोरात ऱ्हायची. पंचेचाळिशीची, शाळेत बाई. नवरा पुण्याला रात्रपाळीला, म्हंजे घरात एकटीच. दोन हजार सातची सर्वपित्री अमावस्या, गुरुवार, रात्रीचे साडेदहा. लेक मस्कतला, दिवस भरलेले, सकाळी आठला ऑपरेशन. त्याआधी तिचं तोंड एकदा बघायचं, एवढंच नूतनच्या डोक्यात. पण कालच इंटरनेटची नवी पेटी बसवलेली, आणि कॉम्प्युटर काय लागंना. तिनं दुरुस्तीवाल्या दानिशभाईंना फोन लावला.

"ताई, कॉम्प्युटरला जुना नंबर हातानं टाकलेला हाय, तो काढा. 'आपोआप'वर टिक करा. आता पेटीच नंबर देती."

"कुणाला?"

"जो मागंल त्याला."

"म्हंजे माझ्यासारखीच भोळी हाय म्हणा."

टिक केली. लागलं.

"आता पेटीनं नंबर दिलेल्यांची यादी उघडा. एकच ओळ दिसंल. दोन नंबर, एक पेटीचा सोताचा. ती तुमची."

"दोन ओळी हायेत. तीन नंबरपुढं नाव कोरं हाय."

"दुसरा कॉम्प्युटर चालू हाय का?"

"अहो, हा एकच पुसताना माझी कंबर धरती."

"मग दुसरी वायर कुठं गेलीय, बघा."

नूतन वाकली. वायर एकच. पेटीची बाकीची भोकं मोकळी. त्यातल्या एका मोकळ्या भोकावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिनं सांगितलं.

"ताई, आपोआप बंद करा."

"मग लेक दिसंल?"

"आज न्हाई. उद्या येतो मी."

उद्या... उद्या लेक टेबलावर असंल. नूतननं फोन ठेवला. बंद काय केलं न्हाई. दुपारीच पितरांना पान वाढलेलं. आजच्या दिवशी आलेल्याला उठवायचं नसतं. पण थट्टेची खोड जाती व्हय? रिकाम्या खोलीला म्हणाली, "आलाच हाय तर बसा. मला तेवढं लेकीला बघू द्या."

दिवा लुकलुकायचा थांबला. नुसता जळत ऱ्हायला.

लेक दिसली. तोंड सुजलेलं, पण हसत होती. दोघी बोलल्या. मग लेक आईच्या खांद्यावरनं मागं बघाय लागली.

"काय गं?"

लेक पडद्याजवळ सरकली.

"बोल की."

"आई... दार लावलंय?"

"व्हय."

"मग... मागं बघू नको."

नूतननं बघितलं न्हाई. खुर्चीतच बसली. उजाडंपर्यंत.

सकाळी साडेदहाला मस्कतचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या. मग दानिशभाई आले. वायर काढली, पेटी बंद करून परत लावली, कॉम्प्युटरचा नंबर हातानं टाकला. यादी उघडली. पेटीनं दिलेल्या नंबराला एक दिवसाची मुदत असती. नंबर हातानं टाकल्यामुळं नूतनची ओळ गेलेली. तीन नंबर होता तिथंच. नाव कोरं. मुदतीच्या जागी लिहिलेलं, 'कायम'.

दानिशभाईंनी खुर्ची मागं सरकवली.

"ताई, हे 'कायम' आपोआप होत न्हाई. हे कुणीतरी हातानं टाकायला लागतं."