ओझ्याची चाल

धारचौकीच्या यंत्रखोलीत डॉ. केतकी वाळिंबेने शेवटची तार जोडली आणि ती मेजर निंबाळकरांना म्हणाली, "आता मुंगी चालली तरी कळेल." एवढ्या थंडीत मुंगी कशाला मरायला येते, असं मेजरांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंची यंत्राच्या पहिल्याच दिवशी थट्टा कशाला, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली.

चौकीच्या डोक्यावर सीमेचं शिखर होतं, बारमाही बर्फात बुडालेलं. त्याच्या धारेवर बिनतारी संदेशांना दोन्ही देशांनी बंदी घातली होती. वर चढलेला माणूस परत येईपर्यंत जिवंत आहे की नाही, हेही खाली कळत नसे. म्हणून केतकीने हिमकान बनवले. बर्फात पुरलेली ही बोटभर यंत्रं पावलांचा कंप ऐकत आणि पाऊल कोणाचं ते ओळखत.

"प्रत्येकाची चाल वेगळी असते," ती सांगत होती. "टाच कशी टेकते, कुठल्या पायावर भार जास्त पडतो, हा त्याचा चालठसा. आपल्या माणसांचे ठसे यंत्राला शिकवलेत. आपलं पाऊल ऐकलं की चौकीवरचं वाटशिंग आपोआप वाजेल, म्हणजे वादळात काही दिसलं नाही तरी माणूस आवाजाच्या रोखाने येईल. परकं पाऊल असलं तर शिंग गप्प."

"लंगडत आला तर?"

"ओळखेल."

"पाठीवर ओझं असलं तर?"

"चाळीस किलोपर्यंत ओळखेल. त्याच्यावर गेलं की चाल माणसाची राहत नाही, ओझ्याची होते. मग सगळे सारखेच चालतात." ती हसली. "पण तेवढं घेऊन इथे कोण चढतंय!"

यंत्राला सगळ्यात आधी शिकवला तो हेरंबचा ठसा. हेरंब तिचा धाकटा भाऊ, हाडाचा गिर्यारोहक. कधी पाठीवर दगड देऊन, कधी एक बूट काढायला लावून तिने त्याला बर्फात इतकं चालवलं होतं की तो वैतागून म्हणाला होता, "ताई, पोळ्याच्या बैलालासुद्धा एकच दिवस मिरवतात गं." आज तो आणि त्याचा लडाखी जोडीदार रिगझिन शेवटचे हिमकान पुरायला शिखरावर गेले होते.

दुपारी वादळ आलं आणि खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. केतकी पडद्यासमोर दोघांच्या पावलांची वाट बघत बसली. आलं ते एकाच माणसाचं पाऊल. पडद्यावर अक्षरं उमटली: परकं पाऊल. ओझं जड.

"आपला आहे का?" मेजरांनी विचारलं.

तिने ठसा पुन्हा पडताळून पाहिला. "नाही."

"मग दारूगोळाच असणार." मेजरांनी दारं लावून घ्यायला सांगितली. परक्यासाठी बाहेर पडायचं नाही, हा इथला नियम होता.

ते पाऊल चौकीच्या आसपास घुटमळत राहिलं. जवळ यायचं आणि भलतीकडेच वळायचं. केतकीला त्याचा संताप आला. आपला भाऊ वर अडकलाय आणि हे कुठलं भूत इथे घिरट्या घालतंय! "जा की मेल्या एकदाचा," असं ती चक्क मोठ्याने म्हणाली. थोड्या वेळाने पाऊल थांबलं.

आणि शिंग वाजलं. आपलं पाऊल. हेरंब वाळिंबे.

"आला! मेजर, आला!"

पाऊल शिंगाच्या रोखाने सरळ निघालं, थबकलं आणि उलटं फिरलं. "अरे इकडे, वेड्या!" ती पडद्यावर ओरडली. मघाशी तो परका जिथे थांबला होता, हेरंब नेमका तिथेच परत गेला. शिंग बंद पडलं. पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं आली: परकं पाऊल. ओझं जड.

केतकी ताडकन मेजरांकडे वळली. "तो हेरंबच आहे," ती म्हणाली. "मघापासून तोच आहे. पाठीवर रिगझिन आहे त्याच्या."

मेजर पुढचं ऐकायला थांबले नाहीत. कमरेला दोर बांधून चौघे बाहेर पडले. त्यांच्या पावलांनी शिंग वाजू लागलं, पण परकं पाऊल तोवर थांबलं होतं. हेरंब पालथा पडलेला सापडला. त्याच्या पाठीला बांधलेला रिगझिन जिवंत होता.

मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये घालून रिगझिन इस्पितळात पडला होता, तेव्हा केतकी त्याच्यापाशी जाऊन बसली. तो खालमानेने सांगू लागला. "दीदी, तो सारखा म्हणायचा, शिंग वाजेल. ताईने केलंय, ती नाही ओळखणार तर कोण ओळखणार? दोर घट्ट करायला त्याने मला उतरवलं, जरा चालला, तर वाजलं. तेव्हा त्याला कळलं. मी म्हटलं, तू एकटा जा, मग माणसं पाठव. तर म्हणाला, पडलेल्या माणसाला पाऊल नसतं रे, तुला शोधणार कसं?"

"माझ्यावर चिडला होता?"

"नाही. हसला. म्हणाला, ताईचं काही चुकलं नाही, माझंच वजन वाढलंय."

केतकी तिथेच, परक्या माणसांच्या देखत, पोटभर रडली. असं रडून दुःख हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही.

मग ती पुन्हा चौकीवर गेली. माणसाने माणसाला उचलून नेण्याची चाल तिने यंत्राला शिकवली. त्या चालीचा तिच्याकडे एकच नमुना होता, त्या दुपारच्या घिरट्यांचा. यंत्राला त्यासाठी नाव हवं होतं. तिने हेरंबचं दिलं. सोबतचे शास्त्रज्ञ म्हणाले, ही ढोबळ चूक आहे, असं ओझं घेतलेला कोणीही उद्या हेरंब ठरेल. ती म्हणाली, माहीत आहे.

पुढच्या हिवाळ्यात तसंच वादळ आलं आणि शिंग वाजायला लागलं. आपलं पाऊल. हेरंब वाळिंबे. ते नाव वाचून केतकी खुर्चीतून उठली आणि क्षणभर, सगळं ठाऊक असूनही, दाराकडे धावली.

मेजर तिच्यामागोमाग आले. "डॉक्टर, आपली सगळी माणसं आत आहेत," ते हळूच म्हणाले. "हा धारेच्या पलीकडून येतोय."

बाहेर शिंग वाजतच होतं आणि पाऊल त्याच्या रोखाने सरळ चालत येत होतं. मेजरांनी अडसरावर हात ठेवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आपला आहे का?"

केतकीने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली. "पाठीवर माणूस आहे त्याच्या. दार उघडा."