तांडेलाची चाळीस मिनिटं

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता सगळे टीव्हीसमोर बसले, आणि तांडेल गायब होता.

तांडेल म्हणजे धाकटीचा नवरा. तीस वर्षं त्यानं खाडीवर फेरीबोट चालवली. पूल झाला, बोट बंद पडली, तेव्हा एका वाहिनीनं त्याच्यावर चाळीस मिनिटांचा कार्यक्रम केला होता. त्यानंतर चार महिन्यांनी माणूस गेला. पुढे ती वाहिनीही बंद पडली, आणि त्याचा आवाज उरला तो फक्त घरच्या सेट-टॉप बॉक्समधल्या एचडी रेकॉर्डिंगमध्ये. चित्र इतकं लख्ख, की तळहातावरचे दोराचे वळसुद्धा मोजून घ्यावेत. बुधवार त्याचा वाढदिवस, म्हणून धाकटीनं घरच्यांना बोलावलं होतं. रेकॉर्डिंगच्या यादीत त्या कार्यक्रमाचं नावच नव्हतं.

धाकटीचा थोरला भाऊ तिथंच होता. त्याला सगळे ग्रंथपाल म्हणत, पण खरं तर तो वाचनालयातला कारकून. पस्तीस वर्षं त्यानं पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्का मारला. पहिला फिका उठतो म्हणून लगेच दुसरा. निवृत्तीनंतर तो एका खाजगी तपासनीस बाईंकडे फायली लावायला जाई आणि घरी येऊन ‘आम्ही अमुक शोधून काढलं’ असं ऐटीत सांगे.

बुधवारी मात्र त्यानं बाईंची वाट पाहिली नाही. मंगळवारी दुपारी बॉक्सची वायर बदलायला आलेला मेकॅनिक दहा मिनिटं खोलीत एकटा होता, एवढं त्याला पुरलं. कंपनीच्या कार्यालयात फोन लावून त्यानं त्या माणसाच्या नावानं यथेच्छ खडे फोडले. गुरुवारी मेकॅनिकचं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. त्याला कामावर ठेवायचं की नाही, ते शनिवारी ठरणार होतं.

शुक्रवारी दुपारी ग्रंथपाल बाईंना घेऊन बहिणीकडे निघाला. लिफ्टचं बटण त्यानं टकटक दाबलं, वर गेल्यावर दारावरची घंटाही तशीच.

“दादा, तूच असणार हे घंटेवरूनच कळतं,” दार उघडत धाकटी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते.

बाई पूर्वी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायच्या. त्यामुळे हळहळ व्यक्त करण्यात त्या वेळ घालवत नसत. “एका माणसाची नोकरी उद्या जाणार आहे,” त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. “तेव्हा कोणी काय केलं ते आजच कळायला हवं.”

धाकटीनं सांगितलं ते असं. रविवारी दुपारी तिनं आणि दादानं मिळून कार्यक्रम पाहिला होता. संपल्यावर पडद्यावर सूचना आली, की बॉक्समध्ये बारा तासांची जागा शिल्लक आहे. जपून ठेवायचं असेल त्याला लॉक लावा, असं मेकॅनिकनं मागेच बजावलं होतं. तिला बटणांची धास्ती, म्हणून तिनं ते काम दादावर सोपवलं. त्यानं लॉक लावलं. मग त्याच्या घरी असला बॉक्स नाही म्हणून सोमवारची बिलियर्ड्सची मॅचही रेकॉर्डिंगला लावून ठेवली. काही पुसायचं तर चार आकडी कोड लागतो, आणि तो कोड तिनं पोटच्या मुलालाही सांगितलेला नव्हता.

सून सोफ्याच्या कडेवर बसली होती. सोमवारी तिला तिच्या जुन्या मालिका काढून टाकायच्या होत्या, म्हणून तिनं कोड मागितला. तुला कशाला हवाय, असं सासूबाई म्हणाल्या आणि ती तशीच निघून गेली.

“राग आला होता मला,” ती म्हणाली. “पण म्हणून मी बाबांचा आवाज पुसेन? बुधवारी आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ना, ती मी विसरणार नाही.”

धाकटीनं मान खाली घातली. आपण सुनेवर संशय घेतला होता, हे तिला नाकारता येईना.

तांडेलाचा भाऊ, म्हणजे धाकटीचा दीर, खिडकीशी उभा होता. त्याच बोटीवर तोही कामाला होता. कार्यक्रमात तांडेलानं हसत हसत सांगून टाकलं होतं, की एकदा धाकट्या भावाला सुकाणूवर डुलकी लागली आणि बोट प्रवाशांसकट गाळात रुतली. तेव्हापासून लोक त्याला ‘झोपाळू कप्तान’ म्हणत.

“बुधवारी सकाळी तुम्ही इथं एकटे बसला होता,” बाई म्हणाल्या. “रिमोट हातात घेतला होता?”

दीर खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, “घेतला. तेवढा तुकडा पुसता येतो का बघणार होतो. वहिनी, मला माफ करा. पण यादीत तो कार्यक्रम तेव्हाही नव्हता. बोललो असतो तर कशाला शोधत होतास, असं विचारलं असतं सगळ्यांनी.”

“म्हणजे मंगळवारी रात्रीपर्यंत गेलेला होता,” ग्रंथपाल मान डोलावून म्हणाला. “मेकॅनिकच.”

मेकॅनिकला बाईंनी बोलावून घेतलं होतं. तो आला आणि बसा म्हणेपर्यंत दाराशीच उभा राहिला. शर्टाच्या खिशाला ओळखपत्राची रिकामी क्लिप तेवढी लटकत होती.

“कोड नसताना तुम्हाला पुसता येतं?”

“आमचा मास्टर कोड असतो. पण त्यानं सगळं जातं. एकच निवडून काढता येत नाही.”

“आणि जागा संपली तर?”

“लॉक नसलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग बॉक्स आपणच काढतो. कोड विचारत नाही. एचडीला जागा फार लागते, म्हणून तर मी ताईंना लॉक लावायला सांगितलं होतं.”

“लॉक मी स्वतः लावलंय,” ग्रंथपाल तोऱ्यात म्हणाला.

बाईंनी यादी उघडली. सुनेच्या मालिकांचे जुने काही भाग गेले होते; बाकीचे भाग, बागकामाचे कार्यक्रम, सगळं जागच्या जागी होतं. सगळ्यात वर बिलियर्ड्स. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज आठ तास.

“मी तर सोमवारचीच लावली होती,” ग्रंथपाल म्हणाला. “बॉक्स भलताच हौशी दिसतोय.” कोणी हसलं नाही.

बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“तांडेलाला कोणी हातानं पुसलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “कोड फक्त ताईंना माहीत. मास्टर कोड वापरला असता तर सुनबाईंच्या मालिकाही सगळ्याच्या सगळ्या गेल्या असत्या. राहिला बॉक्स. रविवारी बारा तासांची जागा होती. सोमवारची मॅच आठ तास, ती मावली. उरले चार. मंगळवारी पुन्हा आठ तास आले, तेव्हा जागेसाठी बॉक्स सगळ्यात जुन्यापासून काढत गेला, आणि सगळ्यात जुना होता तांडेल. मेकॅनिक त्याच दिवशी आला, हे त्याचं दुर्दैव. आणि बुधवारी सकाळी दिरांना कार्यक्रम दिसला नाही, तेही खरं.”

“पण लॉक असलेलं बॉक्स काढत नाही,” ग्रंथपाल म्हणाला.

“नाही काढत.” बाईंनी रिमोट त्याच्यापुढे धरला. “तो बागकामाचा कार्यक्रम जरा लॉक करा. रविवारी केलं होतं तसंच.”

ग्रंथपालानं बटण दाबलं. टकटक. “झालं,” असं म्हणून त्यानं रिमोट टेबलावर ठेवला. सगळे पडद्याकडेच बघत होते, तेव्हा त्यानंही तिकडे पाहिलं. पिवळं कुलूप इतरांनी पाहिलं होतं. ते आलं आणि लगेच गेलं होतं.

“एकदा दाबलं की लागतं, परत दाबलं की निघतं,” मेकॅनिक हळूच म्हणाला. “रेकॉर्डिंगचंही तसंच. एकदा दाबलं की एक भाग, दोनदा दाबलं की पूर्ण मालिका.”

वाचनालयातलं ते लाकडी टेबल, शिक्क्याची गादी आणि आपला उजवा हात ग्रंथपालाला एकदम आठवला. पस्तीस वर्षांत त्या हातानं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

“परत मिळेल?” त्यानं मेकॅनिककडे न बघता विचारलं.

“नाही. त्या जागेवर मॅच भरली गेलीय.”

धाकटी ओरडली नाही, रडलीही नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मी तुला विचारलं होतं दादा, नीट लागलं का, बघ. तू मान वर न करता हो म्हणालास.” मग उठून ती सुनेजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला.

ग्रंथपालानं खिशातून मोबाइल काढला. “मी कंपनीला फोन करतो.”

“फोन तुम्ही बुधवारीही केला होता,” बाई म्हणाल्या.

त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

कंपनीचं कार्यालय दोन चौक पुढे होतं. वाटभर तो मेकॅनिकच्या अर्धं पाऊल मागून चालला. माफी मागायची होती, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत जात होते. बुधवारी फोनवर तर त्याला किती शब्द सुचले होते.

कार्यालयाचं काचेचं दार आतून बंद होतं. ग्रंथपालानं घंटा दाबली. बोट सवयीनं पुन्हा पुढे झालं, ते त्यानं मुठीत घेतलं. आत हालचाल दिसेना.

“ऐकू गेलं नसेल,” मेकॅनिक म्हणाला. “परत दाबा.”

“नको,” ग्रंथपाल म्हणाला. “थांबू या.” मग काचेत दिसणाऱ्या मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे बघत त्यानं सांगितलं, “माझं चुकलं. आत गेल्यावर तुमच्यासमोर हेच सांगणार आहे.”

दार उघडेपर्यंत दोघं तसेच शेजारी उभे राहिले.